चिं. त्र्यं. खानोलकरांचं तळकोकण: घरातले जुने फोटो, निगेटिव्ह आणि फिती (मंचावरचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खळ्यातला

नळे (कौलं) परतायचे म्हणून गेल्या आठवड्यात कुडाळच्या घरातला माळा रिकामा केला. पाटे, जुनी परडी, मोडका पाळणा यांच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा मोठा डबा निघाला. आजोबांचा. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डब्यात काय आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

बटर पेपरमध्ये गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या, साठेक छापील फोटो, ध्वनिफितीचे पाच इंची दोन स्पूल आणि सात कॅसेटी. एका खाकी पाकिटावर आजोबांच्या अक्षरात लिहिलंय: 'खानोलकरांची ठिकाणं'.

आजोबांनी खानोलकरांची 'रात्र काळी घागर काळी' ही कादंबरी किती वेळा वाचली असेल, सांगता येत नाही. आमच्याकडची प्रत शिवणीतून सुटली होती, त्यांनी ती खळ लावून पुन्हा बांधली. 'कोंडुरा' ही कादंबरी आली तेव्हा सायकलवरून प्रत्यक्ष कोंडुऱ्याच्या किनाऱ्यावर गेले होते, असं आई सांगते. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवितेतले आरती प्रभू, ८ मार्च १९३० ला बागलांच्या राईत, तेंडोलीला जन्मले. पुढे कुडाळात त्यांनी खानावळ चालवली, मग मुंबई, तिथे आकाशवाणीत नोकरी आणि २६ एप्रिल १९७६ ला, अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. आजोबा त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे. माझ्या माहितीत दोघांची ओळख नव्हती. आजोबा नुसते वाचक होते.

पाकिटात चौदा फोटो आहेत. एक कोंडुऱ्याच्या खडकांचा, दोन कुडाळच्या बाजाराचे, एक माडांच्या बनातल्या वाटेचा, बाकीचे घरांचे आणि माणसांचे. एका फोटोत देवळापुढे सहा जण उभे आहेत, मागे फक्त 'तेंडोली, चैत्र' इतकंच. साल नाही.

हे सगळं नीट कसं ठेवू? फितींवर काय आहे ते कसं ऐकू? आणि या फोटोतली माणसं कोण? फोटो खाली लावलाय.

शेवरी

अंगावर काटा आला! डावीकडून तिसरे पाहा. ते कपाळ, तो चष्मा, ती थोडी झुकलेली मान. माझ्या मते ते चिं. त्र्यं.च आहेत. आमच्याकडच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या फोटोशी ताडून पाहिलं. खळ्यातला, तुमच्या हाती ठेवा लागलाय.

माडावयलो

माका पण तसाच वाटता. फोटो जरा मोठो करून टाक.

फीतघर

फोटोचं नंतर. आधी फिती, कारण त्यांना घाई आहे. मी तीस वर्षं ध्वनिमुद्रणात काढली, म्हणून हक्काने सांगतो.

पहिली गोष्ट: स्पूल लगेच लावू नका. कुणाकडे जुनं यंत्र असेल, तो 'आण, लावून बघू' म्हणेल. नको. आधी स्पूल उजेडासमोर धरा. फितीच्या थरांतून उजेड आरपार आला तर बहुधा ॲसिटेटची फीत आहे. ती जुनी झाली की ठिसूळ होते आणि कट्कन तुटते. उजेड अडला तर पॉलिएस्टर, ती तुटण्याआधी ताणली जाते. मग नाकाजवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलंय. ती फीत बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण तो वास बंद डब्यात शेजारच्या फितींनाही भोवतो.

दुसरं, बुरशी. आपल्याकडे जूनपासून हवेत दमटपणा इतका असतो की भिंतीला हात लावला तर ओला होतो. फितीच्या कडेला पांढरी किंवा करडी भुकटी दिसली तर ती आधी साफ व्हायला हवी. बुरशी आलेली फीत तशीच चालवली तर फीतही खरवडते आणि यंत्राचं हेडही जातं. साफ करताना तोंडाला मास्क बांधा.

कॅसेटींचं सोपं आहे. मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे टॅब शाबूत असतील तर आधी ते मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुढे-मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत त्याने मोकळी होते. साठ मिनिटांच्या कॅसेटी दणकट, नव्वदच्या पातळ, एकशेवीसच्या तर फारच पातळ. त्यांना जपा.

डिजिटल करताना वेव्ह फाइल मागा, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. तासाला स्टिरिओत साधारण दोन जीबी जागा लागते. एमपीथ्री ऐकायला आणि पाठवायला ठीक, पण मूळ प्रत म्हणून नाही.

आणि मूळ फीत परत घ्या. माझ्या एका मित्राने वडिलांच्या आवाजाची कॅसेट शहरातल्या एका दुकानात दिली होती. त्यांनी एमपीथ्री हातात ठेवली आणि कॅसेट 'आता लागणार नाही' म्हणून टाकून दिली. त्या एमपीथ्रीत शेवटची बारा मिनिटं नाहीत.

पिंपळपार

शेवरी, उत्साह समजतो, पण इथे थांबायला हवं. धाग्यावर एकाने 'हेच ते' म्हटलं की उद्या तो फोटो व्हॉट्सॲपवर 'खानोलकरांचा दुर्मिळ फोटो' म्हणून फिरतो, परवा एखाद्या अंकात छापला जातो. मग त्या जागी खरोखर जे उभे होते, त्यांचं नाव कायमचं पुसलं जातं. ते कुणाचे तरी वडील किंवा काका आहेत.

चेहऱ्यावरून साल काढता येत नाही, पार्श्वभूमीवरून येतं. विजेचा खांब आहे का, भिंतीवर काही रंगवलंय का, बायकांच्या पातळांची काठ-किनार, सायकलचा दिवा, कौलांचा प्रकार. जिल्ह्याचं नाव लिहिलेली पाटी दिसली तर सोन्याहून पिवळं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. खानोलकरांच्या चरित्रात जन्मगाव 'ता. वेंगुर्ला, जि. रत्नागिरी' असं छापलेलं असतं आणि आज तेंडोली शोधायला गेलात तर कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग जिल्हा. दोन्ही बरोबर, आपापल्या काळी. म्हणून फोटोच्या नोंदीत दोन्ही लिहा, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाही.

छापील फोटो बाजूला ठेवून निगेटिव्ह स्कॅन करा. छापताना कडा कापल्या जातात. नेमकं तिथेच काही असू शकतं.

खळ्यातला

क्लिक थ्रीची निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची आहे, एका रोलवर बारा. सध्या मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड तुकडा ठेवून, वर निगेटिव्ह ठेवून दुसऱ्या मोबाइलने फोटो घेतला. चांगला स्कॅन नंतर करीन.

पिंपळपार, तुमचं खरं निघालं. छापील फोटोत उजवी कड नाहीच. निगेटिव्हमध्ये तिथे धर्मशाळेसारखी एक भिंत आहे, तिच्यावर काहीतरी रंगवलंय. '...वते यांना' इतकं वाचता येतं आणि खाली एक गोल, गोलात माणूस, खांद्यावर काहीतरी. मोठं करून टाकतोय.

पिंपळपार

खांद्यावर नांगर आहे. चक्रातला नांगरधारी शेतकरी. जनता पक्ष १९७७ च्या लोकसभेला याच चिन्हावर उभा होता. आणि '...वते' म्हणजे दंडवते. राजापूर मतदारसंघातून प्रा. मधु दंडवते १९७१ पासून १९९१ पर्यंत सलग खासदार होते. १९७१ ला ते प्रजा समाजवादी पक्षाचे, तेव्हा हे चिन्ह त्यांचं असू शकत नाही. म्हणजे ही भिंत रंगवली ती १९७७ च्या निवडणुकीच्या वेळी किंवा त्यानंतर. मागे 'चैत्र' लिहिलंय. १९७७ चा पाडवाही मार्चच्याच उत्तरार्धात होता, मतदान संपता संपता.

खानोलकर एप्रिल १९७६ ला गेले. फोटोतली तिसरी व्यक्ती ते नव्हेत.

शेवरी

मान्य. माझी वरची पोस्ट दुरुस्त केली आहे, 'ते चिं. त्र्यं. नाहीत, साल १९७७ किंवा पुढचं' असं त्याच पोस्टच्या डोक्यावर लिहिलंय, म्हणजे अर्धवट वाचून कुणी फोटो उचलणार नाही. वाईट वाटलं, हे खरं. मनात त्या फोटोची एक गोष्ट तयार झाली होती.

गजाली नको काम सांगा

मग या पाकिटाचं महत्त्व काय उरलं? लेखक नाही, लेखकाचं घर आहे की नाही नक्की नाही. कादंबरी वाचायची असते. लेखकाच्या गावच्या भिंती बघून ती जास्त कळते असं मला वाटत नाही. मनापासून विचारतोय.

खळ्यातला

प्रश्न रास्त आहे. दोन रात्री याचाच विचार करतोय.

खानोलकर गेले आणि त्यानंतरच्या चैत्रात, बहुधा पुढच्याच, आजोबा कॅमेरा घेऊन तेंडोलीला गेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुठे छापायचं नव्हतं. रोल महाग, घरात पाच माणसं, पगार मास्तराचा. तरी बारा फोटोंचा एक रोल त्यांनी एका लेखकाच्या गावावर खर्च केला. मी हे पाकीट 'खानोलकरांचे फोटो' म्हणून ठेवणार नाही. 'खानोलकरांच्या वाचकाने टिपलेलं खानोलकरांचं गाव, १९७७ च्या सुमारास' असं ठेवणार. ते खरं आहे आणि माझ्या दृष्टीने पुरेसं मोठं आहे.

तिसरी घंटा

थोडी भर घालते. मी नाटकाच्या बाजूची.

तारखा ओळीने मांडल्या तर एक गोष्ट दिसते. व्ही. शांताराम यांचा 'चानी' १९७७ चा, रंजना मुख्य भूमिकेत. श्याम बेनेगलांचा 'कोंडुरा' १९७८ चा, तोच तेलुगूत 'अनुग्रहम्'. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमी पुरस्कार १९७८ चा. सगळं ते गेल्यावरचं. त्यांच्या लेखनाकडे कॅमेरे वळले तेव्हा ते नव्हते. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे त्यांच्या आयुष्यातली साडेतीन वर्षंच टीव्हीच्या काळातली. त्या काळी फीत इतकी महाग होती की प्रसारण झालं की पुसून पुन्हा वापरत. आकाशवाणीतही तेच. रत्नागिरी केंद्र तर १९७७ चं.

आणि 'कोंडुरा' बेनेगलांनी आंध्रात नेला. अनंत नाग, स्मिता पाटील, गोविंद निहलानींचा कॅमेरा, सगळं अप्रतिम, पण पडद्यावर आपला किनारा नाही. म्हणून मास्तरांनी काढलेला कोंडुऱ्याच्या खडकांचा फोटो मला मोलाचा वाटतो. खानोलकरांनी लिहिलेल्या काळाजवळचा तो कोंडुरा आहे.

त्यांचं दुसरं घर रंगभूमी. 'एक शून्य बाजीराव' विजयाबाई मेहतांनी 'रंगायन'मधून केलं, पुढे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकाचं रूपांतर 'अजब न्याय वर्तुळाचा' त्यांच्याच दिग्दर्शनात. त्या प्रयोगांचे फोटो, जाहिरातींची कात्रणं, तिकिटांची अर्धुकं कुणाच्या घरी असतील तर तेही याच धाग्यात येऊ दे. सिनेमांची पोस्टरं आणि स्टिल्स पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे शोधावीत.

मांडवीपलीकडून

पणजीहून लिहितोय. नाव दोन ठिकाणी शोधा! कादंबऱ्या, नाटकं 'चिं. त्र्यं. खानोलकर' या नावावर, कविता आणि गाणी 'आरती प्रभू' या नावावर. तबकड्यांच्या लेबलवरही तेच नाव. 'ये रे घना', 'समईच्या शुभ्र कळ्या' ही आशाताईंची, पं. हृदयनाथांच्या चालीतली गाणी आमच्याकडे रेडिओवरून कॅसेटवर घेतलेली आहेत. अशा घरगुती कॅसेटीत गाणं महत्त्वाचं नसतं, ते कुठेही मिळतं. त्याच्या आधी-नंतर निवेदक जे बोलतो ते दुसरीकडे कुठे उरलेलं नसतं. खळ्यातला, म्हणून त्या सात कॅसेटी 'गाणीच आहेत' म्हणून अर्ध्यात बंद करू नका. शेवटापर्यंत ऐका.

सनदीकाका

हक्कांबद्दल विचारणार कुणीतरी, म्हणून आधीच लिहितो. खानोलकरांचं लेखन २०३६ च्या अखेरपर्यंत स्वामित्वहक्कात आहे (मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं). तेव्हा फोटोखाली कादंबरीतला अख्खा उतारा टाकू नका, दोन ओळी आणि पुस्तकाचं नाव पुरे. फोटोंचा हक्क ते काढणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही छायाचित्रकाराचं आयुष्य अधिक ६० वर्षं हाच नियम. आजोबांचे फोटो म्हणजे हक्क तुम्हा वारसांचा, आई-मामा सगळ्यांची लेखी संमती घेऊन ठेवा. संस्थेला देताना मूळ वस्तू देताय की प्रत, वापराची परवानगी कुणाला, हे कागदावर असू दे.

कायद्यापलीकडचं एक: फितीवर कुणाचा खासगी आवाज निघाला तर त्या घराला विचारल्याशिवाय नेटवर घालू नका.

खळ्यातला

तीन आठवड्यांनी येतोय. फीतघर यांनी सुचवलेल्या गृहस्थांकडे स्पूल नेले. एकाला कडेने बुरशी होती, ती साफ करायला दोन दिवस गेले. दोन्ही पॉलिएस्टर निघाले.

पहिल्या स्पूलवर शाळेचा कार्यक्रम. मुलांची प्रार्थना, पाहुण्यांचं भाषण, मग दशावतारातला एक तुकडा, पेटी आणि मृदंग, संकासुराची एंट्री झाल्याबरोबर मुलांचा ओरडा.

दुसऱ्या स्पूलची सुरुवात वाऱ्याने होते. नुसता वारा आणि लाट, जवळजवळ चार मिनिटं. मध्ये आजोबांचा आवाज: 'कोंडुरो'. इतकंच. आई ऐकताना उठून आत गेली. आजोबा जाऊन बावीस वर्षं झाली, त्यांचा आवाज घरात कुठेच नव्हता.

त्यानंतर गाऱ्हाणं. 'बा देवा म्हाराजा' आणि माणसांचा एकत्र 'व्हय म्हाराजा'. प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी तोच शब्द पुसट ऐकू येतो. फीतघर म्हणाले की गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो, त्याने असं होतं. देवळात कुणी आधी कुजबुजतंय आणि मग मोठ्याने बोलतंय, असं वाटत राहतं.

आणि सगळ्यात शेवटी एक म्हातारी. आजोबा विचारतात, ती बोलते, अकरा मिनिटं. विहिरीबद्दल, राखणदाराबद्दल, दिवेलागणीला मुलांना बाहेर का सोडत नसत त्याबद्दल. निम्मं मला कळत नाही. धाकट्या मुलाला काहीच कळलं नाही. पहिली दोन मिनिटं, त्यात कुणाचं नाव येत नाही, ती खाली जोडतोय.

माडावयलो

मी चार वेळा ऐकलय. डोळे भरान इले. माजी आजी अशीच बोलायची, अगदी हीच हेल काढून. आता आमच्या घरात असा बोलणारा कोण उरूक नाय. ती म्हणता 'तिन्हीसांजा झाल्यार हयसून कोणी जायत नाय', ता हय लिहून ठेवतंय, नायतर पोरांक समजाचा नाय. पूरा ऐकूक दिलंस तर शब्द न् शब्द उतरवन देतंय, अर्थासकट.

पिंपळपार

माडावयलो, जरूर करा. उतरवताना ती जसं बोलते तसंच लिहा, शुद्ध करू नका. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या माणसांचा आवाज आणि त्याचं लेखन शेजारी शेजारी आहे. तो नमुना पाहा.

गाऱ्हाण्यावरून गाव काढता येईल. रवळनाथ, सातेरी ही नावं तळकोकणात गावोगावी येतात, त्यांच्यावर जाऊ नका. देवांचा क्रम काय आणि मानकऱ्यांपैकी कुणाचं आडनाव घेतलंय ते पाहा. क्रम गावाचा गावापाशी असतो, चुकत नाही.

गजाली नको काम सांगा

म्हातारीचं बोलणं दोनदा ऐकलं, मग 'रात्र काळी घागर काळी' खाली काढली. त्या कादंबरीतलं भय मला आजवर लेखकाच्या मनातून आलेलं वाटायचं. ही बाई तसल्याच गोष्टी भात शिजवण्याबद्दल बोलावं तितक्या सहज सांगते. माझा वरचा प्रश्न मी मागे घेतो.

फीतघर

खळ्यातला, आता आळस नको. तीन प्रती करा: एक घरी, एक दुसऱ्या प्रकारच्या साधनावर, एक घराबाहेर, दुसऱ्या गावी. मूळ स्पूल उभे ठेवा, आडवे एकावर एक नकोत. डब्यात सिलिका जेल, निळं गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत निळं करा. फोटोंना लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, चिकट पानांचा अल्बम तर मुळीच नको. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने.

खळ्यातला

सगळं टिपून घेतलं. गाऱ्हाण्यात दोन आडनावं स्पष्ट येतात. आईच्या ओळखीतून तेंडोलीतल्या एका घरी फोन झाला. तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांनी सांगितलंय, 'फोटो घेवन ये, डोळ्यांनी दिसता अजून'. येत्या रविवारी जातोय. देवळापुढच्या फोटोची मोठी प्रत काढलीय, सहा जणांच्या खाली सहा रिकाम्या ओळी आखल्यात आणि पेन्सिल टोकदार करून खिशात ठेवलीय. म्हातारीची अकरा मिनिटं मोबाइलवर आहेत. ती कुणाची आजी हे कळलं आणि त्या घराने हो म्हटलं, तर पूर्ण मुद्रण माडावयलोकडे पाठवतो.